वेदिकाची सगळी गावं

१० नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी द्राक्षाच्या औषधांच्या दुकानाची आहे. भाच्याने दिली. प्रत्येक पानाखाली भुरी रोगावर काय फवारायचं ते छापलंय. माझ्याकडे बाग म्हणजे कुंडीतला एक कढीपत्ता, पण कागद चांगला आहे म्हणून लिहायला घेतली. एसटीत कंडक्टर होते तोवर रोज काही ना काही लिहावं लागायचं. रिटायर झाल्यापासून हात शिवशिवतो. आमचे हे म्हणतात, हात नव्हे, जीभ शिवशिवते तुझी.

तर आजपासून दोन्हींची सोय झाली. स्टँडच्या मागे रस्त्यावरच्या मुलांसाठी एका संस्थेचा निवारा आहे, तिथे मला सांभाळणारी बाई म्हणून घेतलं. मनाली मॅडम प्रमुख. आमच्या लेकापेक्षा, महेशपेक्षाही लहान असेल. पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "शकुंतलाताई, इथे मुलांवर ओरडायचं नाही."

मी म्हटलं, "मग त्यांना कळणार कसं?"

पोरांनी मला लगेच ओळखलं. "ए, हीच ती! हिनंच मला शिर्डी गाडीतून उतरवलं होतं!" चार-पाच जणांना मी वेगवेगळ्या गाड्यांतून उतरवलेलं निघालं. मॅडमचा चेहरा पडला. मी म्हटलं, बरंच झालं की, ओळख करून देण्याचा वेळ वाचला.

दोघं नवीन आहेत. वेदिका, असेल नऊ-दहा वर्षांची, आणि तिचा भाऊ रुद्र, जेमतेम पाच. दिवाळीच्या गर्दीत स्टँडच्या बाकाखाली सापडले. मॅडम म्हणाल्या, यांचं घर सापडलं नाही तर बाल कल्याण समिती डिसेंबरअखेर दोघांना बालगृहात पाठवणार. मुलींचं बालगृह एका गावाला, मुलांचं दुसऱ्या. कायदा तसाच आहे.

पोरगी गावाचं नाव सांगत नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. उभ्या जन्मात एक पॅसेंजर असा भेटला नाही ज्याच्याकडून मी "कुठं जायचं" हे काढून घेतलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं! पोहे वाढता वाढता सहज विचारलं, "कुठं जायचं गं?" पोरगी पटकन म्हणाली, "पिंपळगाव बसवंत." वडील द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरतात म्हणे.

मनाली मॅडमला मी काही बोलले नाही. फक्त त्यांच्या टेबलासमोरून दोनदा गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पिंपळगावला जाऊन आलो. मी, मॅडम आणि दोघं पोरं. वेदिकाने खिडकी पकडली. पॅसेंजरच्या सीटवर बसायची मला सवय नाही. ओझरला गर्दी चढली तेव्हा तोंडातून "पुढं सरका, पुढं रिकामं आहे" निघूनच गेलं. गाडीवरचा कंडक्टर नवा होता, तोसुद्धा पुढं सरकला.

पॅकहाऊसला कुलूप. राखणीला भागुबाई म्हणून एक म्हातारी होती. ती म्हणाली, "आत्ता कुठली द्राक्षं, बाई? अजून मणी हिरवेगार हायेत. जानेवारी लागू द्या की." नाशिकमध्ये एवढी वर्षं काढून मला हे लक्षात आलं नाही. या डायरीतसुद्धा छापलंय.

तरी सगळा बाजार पालथा घातला. कांद्याच्या शेडमध्ये विचारलं, टेम्पोवाल्यांना विचारलं. कोणी ओळखेना. वेदिका सगळीकडे नीट पाहून म्हणाली, "गाव लई बदललंय."

भागुबाईने रुद्रला भाकरी-ठेचा दिला. त्याने डोळ्यांतून पाणी काढत काढत पूर्ण खाल्ला. परत येताना वेदिका त्याचा शर्ट मुठीत धरून बसली होती. मला म्हणाली, "आज नाही सापडलं म्हंजे आता परत निवाऱ्यातच ना? दोघं पण?" बिचारीला घराची किती ओढ लागली असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. जेवायच्या वेळी मी शिट्टी वाजवते, ते "बालस्नेही" नाही म्हणे. उद्यापासून टाळी वाजवा. मी टाळी वाजवली, कोणी आलं नाही. मॅडमनी गोड आवाजात हाका मारल्या, कोणी आलं नाही. मग वरण गार व्हायला लागल्यावर मॅडम स्वतःच म्हणाल्या, "ताई, एकदाच वाजवा."

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज वेदिका आपणहून आली. म्हणाली, "ताई, मी चुकले. आमचं गाव नामपूर."

मी कच्ची नाही. म्हटलं, "कशावरून?" तर तिने डोळे मिटले आणि धडाधड म्हणून दाखवलं, "ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा, नामपूर." एक थांबा चुकला नाही, एक मागेपुढे नाही. एवढे थांबे तोंडपाठ असायला माणूस तिथलाच लागतो. या रस्त्याने मी किती वर्षं ड्युटी केली, मला कोण फसवणार?

घरी ह्यांना सांगितलं. हे पेपर मोठ्यानं वाचत होते, ते थांबवून म्हणाले, "एवढी वर्षं ओझरच्या कारखान्यात विमानं जोडली, मला त्याचे निम्मे भाग आठवत नाहीत. लहान पोरीला रस्ता एवढा पाठ?"

मी म्हटलं, काही लोकांची बुद्धी तल्लख असते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नामपूर. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

देवळ्यापर्यंत पोरगी खुशीत होती. रुद्र घाटात ओकला, माझ्याच पदरात. नामपूरला उतरल्यावर मी तिला म्हटलं, "चल, पुढं हो, दाखव घर." ती पुढं झाली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, अगदी ठाम चालीने. आम्ही तिच्या मागे. अर्ध्या तासाने पुन्हा स्टँडवरच आलो.

मग कांदा मार्केटला गेलो. तिथे वाल्मीकअण्णा म्हणून एक जुने हमाल भेटले. सगळ्या गावाला ओळखतात. त्यांनी वेदिकाची हनुवटी धरून विचारलं, "कोनी अंडेर शे व माय तू?" म्हणजे, कोणाची लेक गं तू?

वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "हो, शे."

अण्णा इतके हसले की गोणीवर बसले. "नामदेवनी? का सुकदेवनी?"

"दोघांची शे."

अण्णा मला म्हणाले, "ताई, हाई आठली नही. पन ऱ्हाऊ द्या आठेच, माले आवडनी."

पोरगी इथली नाहीच, असं अण्णांचं म्हणणं. मी मॅडमना समजावलं, की बाहेर राहून पोरगी अहिराणी विसरली असेल. मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. येताना सटाण्याला भेळ खाल्ली. वेदिकाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, परत दोघं निवाऱ्यातच ना. मी चिडले होते. म्हटलं, नाहीतर काय आता राजवाड्यात? ती खुदकन हसली. कशाला हसली कोण जाणे.

४ डिसेंबर, गुरुवार

आता ओझर! पप्पा विमानाच्या कारखान्यात आहेत म्हणे. मी हात जोडले. म्हटलं, मी येणार नाही. तर हे कपडे करून तयार. "कारखान्याचा विषय आहे, मी जातो मॅडमबरोबर."

संध्याकाळी उड्या मारत आले. वेदिकाला ह्यांनी गेटबाहेर विचारलं, "पप्पा नेमकं काय काम करतात?" ती म्हणाली, "विमानाच्या चाकात हवा भरतात." हे म्हणाले, "कोणत्या शिफ्टला?" ती म्हणाली, "विमान आलं की."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, खाली बसून विमानं बघितली. दोन उतरली. रुद्रने त्यांना टाटा केलं."

"पोरगी थापाडी आहे हे कळलं ना तुम्हाला?"

"पिंपळगावपासूनच कळलं," हे म्हणाले. "अजून चार गावं सांगितली तरी माझी यायची तयारी आहे."

मजाच आहे या माणसाची! मी तिकडे घर शोधतेय आणि हे सहलीला निघालेत.

७ डिसेंबर, रविवार

ह्यांनी मनाली मॅडमना काय सांगितलं देव जाणे, मॅडम दोघा पोरांना घेऊन आमच्याकडे, नाशिकच्या उपनगर भागात, जेवायला आल्या. मी वांग्याचं भरीत केलं होतं. दरवाजा नेहमीसारखा चिकटला, तो मी खांद्याने ढकलला. वेदिकाने ते लक्ष देऊन पाहिलं. मग घरभर फिरली. भिंतीवरचा बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, मोरीतला पितळी हंडा, सगळं हात न लावता पाहिलं. रुद्र ह्यांच्या मांडीवर झोपला. हे दीड तास हलले नाहीत, पाय मुंग्यांनी भरला तरी.

मॅडमनी मध्येच विचारलं, "ताई, तुमच्याकडे खोल्या किती? महेशदादा पुण्याहून येतात का नेहमी?" खोली भाड्याने हवी असेल. मी सांगितलं, महेश दिवाळी-दिवाळीला येतो, पण आम्ही भाडेकरू ठेवत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ह्यांनी महेशचा जुना पलंग बाहेर काढून खिळे ठोकायला घेतलेत. रिटायर माणसाला काहीतरी उद्योग हवाच. बाजारातून चपला आणल्या त्याही चुकीच्या, चार बोटं लहान. परत करून या म्हटलं तर म्हणाले, बघू.

१५ डिसेंबर, सोमवार

निवाऱ्याचा भाजीपाला घेऊन स्टँडवरून चालले होते. स्पीकर चालू होता. तो आवाज इतकी वर्षं ऐकला की आता कानात शिरत नाही. आज शिरला. "ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा मार्गे नामपूरला जाणारी गाडी..."

मी तिथेच थांबले. मेथीची जुडी खाली पडली.

रागाने लाल होऊन निवाऱ्यात गेले. मनाली मॅडमचा नियम गेला खड्ड्यात. ओरडले. "स्पीकरवर ऐकून गावं सांगतेस होय गं? मला? कंडक्टरला?" रुद्र रडायला लागला. वेदिकाने आधी त्याचं नाक पुसलं, मग माझ्याकडे वळली.

म्हणाली, "मॅडम फोनवर बोलत होत्या. घर नाय सापडलं की मला एकीकडं पाठवणार, ह्याला एकीकडं. पण शोधायचं चालू असलं की पाठवत नाहीत."

मी म्हटलं, "मग खरं गाव कोणतं ते सांगायचं ना."

"नाय ना. आई होती तवर आम्ही कामावरच राहायचो. एक बिल्डिंग झाली की दुसरी. आई दवाखान्यात वारली. मग पप्पा म्हणले, चला गावाला. आम्हाला बाकावर बसवलं नि म्हणले, गाडी कुठं लागलीय बघून येतो." तिने रुद्रचा शर्ट मुठीत धरला. "गाव कुठलं ते सांगितलंच नाय. मी रोज ऐकत बसायची. म्हटलं, ह्यातलं एखादं आमचं असंल."

मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण रुद्रचा शर्ट सोडला नाही. मला फार रडू आलं. सगळ्या पोरांसमोर रडले. एक पोरगा म्हणाला, "ए, हिला पाणी द्या रे."

१६ डिसेंबर, मंगळवार

रात्री भाकरी गेली नाही. ह्यांना सगळं सांगितलं. हे खिळे ठोकत राहिले. मी म्हटलं, तुम्हाला काळीज आहे की नाही? म्हणाले, "आहे. म्हणून तर ठोकतोय." काहीच्या काही उत्तरं देतात.

२१ डिसेंबर, रविवार

परवा समिती. मी वेदिकाला बजावून ठेवलंय: तिथे थाप चालत नाही. ऐकलेलं काही सांगायचं नाही. डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच सांगायचं. एखादी खूण तरी तिला आठवेल आणि काहीतरी धागा सापडेल, एवढीच मला आशा आहे. नाहीतर दोघांची ताटातूट मला बघवायची नाही.

ती म्हणाली, "पाहिलेलं सांगितलं तर चालंल?"

म्हटलं, "तेच चालेल."

२३ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. माझीच फजिती आहे, पण लिहिते.

समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून पाहणाऱ्या, पण आवाज मऊ. मॅडम आणि मी पुढे बसलो. हे मागच्या बाकावर. डबा द्यायला आले म्हणाले. डबा मात्र सकाळी मीच नेला होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाळ, तुझं घर आठवतं का?"

वेदिका म्हणाली, "हो."

माझा जीव कानात गोळा झाला.

"दरवाजा पिवळा आहे. तो चिकटतो, खांदा लावावा लागतो. आत बुद्धांचा फोटो आहे, बाजूला बाबासाहेबांचा. मोरीत पितळी हंडा आहे."

मी मॅडमचा हात दाबला. कुजबुजले, "धागा सापडला! बौद्ध कुटुंब आहे. विहारांमधून चौकशी केली तर दोन दिवसांत पत्ता काढते." मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, भरून आलं असेल.

"घरात कोण कोण असतं?"

"एक बाबा आहेत. पेपर मोठ्यानं वाचतात. मांडीवर कुणी झोपलं तर हालत नाहीत. आणि एक बाई आहे. ती लई ओरडते."

"ओरडते?"

"सारखी. दरवाजावर पण ओरडते. शेजारणीवर, भाजीवाल्यावर, पेपर वाचला तरी."

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि, देवा, भर समितीत म्हणाले, "मॅडम, माफ करा, पण असली कजाग बाई ज्या घरात आहे तिथे लेकरं पाठवू नका. आधी त्या बाईची चौकशी करा!"

वेदिका माझ्याकडे टकमक बघत राहिली. मग हळूच पुढे म्हणाली, "पण जेवताना आधी दुसऱ्यांना वाढते. आणि पोरं रडली की ती पण रडते."

मागच्या बाकावर हे खाकरले. उभे राहिले. गळ्याशी बटण लावलेलं, नवा शर्ट. म्हणाले, "मॅडम, त्या दरवाजाला मी रंधा मारणारच आहे. दोन वर्षं राहूनच जातंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी दरवाजा आठवला, मग हंडा, मग कजाग बाई. मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, श्री. केरू गांगुर्डे यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आधीच विनंती केली आहे. घराची पाहणी मनाली मॅडमनी केलेली आहे. कायद्यात "योग्य व्यक्ती" म्हणून सोय असते, त्या आधारे दोन्ही मुलं तात्पुरती एकत्र एका घरी ठेवता येतील. वडिलांचा शोध चालू राहील. दर महिन्याला आम्ही येऊन बघू. "फक्त बाईंची संमती राहिलीय."

मी ह्यांच्याकडे वळले. "मला विचारायचं नाही?"

हे म्हणाले, "विचारलं असतं तर तू ओरडली असतीस."

"मग आता काय करू?"

"आता समितीसमोर आहेस, ओरडता येत नाही."

मी वेदिकाला विचारलं, "मी ओरडते ते चालेल का तुला?"

ती म्हणाली, "स्टँडवर स्पीकरखाली झोपायचो आम्ही."

मी सही केली. घाईघाईत असं गिचमिड लिहिलं की माझं नाव मलाच वाचता येईना. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "गांगुर्डेबाई, त्या कजाग बाईची चौकशी झाली असं धरू का?" सगळे हसले. मीही हसले, आणि पुन्हा रडले. योग्य व्यक्ती म्हणे! ह्यांनी घरी येईपर्यंत तो शब्द मला सात-आठ वेळा ऐकवला.

४ जानेवारी, रविवार

आज दोघं घरी आले. ह्यांनी पहाटेच दरवाजाला रंधा मारला. आता तो इतका सैल झालाय की वाऱ्याने उघडतो. माझ्या खांद्याला सवय, जोरात ढकलला आणि आतच जाऊन पडले. रुद्रला वाटलं हा खेळ आहे. त्याने पुन्हा पुन्हा करायला लावलं.

पलंगावर दोघं एकत्र झोपणार. चपला रुद्रला बरोबर बसल्या.

दुपारी शेजारच्या कुसाबाई आल्या. त्यांना गल्लीतली बातमी सगळ्यांच्या आधी लागते, आज उशीर झाला म्हणून घुश्शातच होत्या. वेदिका ओट्यावर बसून बोरं खात होती. कुसाबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कुठली गं तू?"

मी आत भाकरी थापत होते, हात थांबला. मनात म्हटलं, आता काय सांगते? नामपूर? सटाणा?

वेदिकाने बोराची बी थुंकली. "इथली."

"इथली म्हंजे?"

"इथली म्हंजे इथली. ह्या घरातली. तुम्ही कुठल्या?"

कुसाबाईंना असं कोणी विचारलं नव्हतं. त्या गोंधळल्या. "मी ना? मी तशी मूळची येवल्याकडची. लग्न होऊन आले इकडं."

"आणि समोरच्या आजी?"

"त्या निफाडकडच्या."

"आणि हे बाबा?"

हे पेपरमागून म्हणाले, "मी सिन्नरकडचा."

वेदिकाने मान डोलावली आणि कुसाबाईंच्या हातावर एक बोर ठेवलं. "काही लागलं तर सांगा," म्हणाली.

म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीत अस्सल इथली अशी एकच.